मालट्रकच्या इंजिनातील पाण्याचा दाब

निपाणीहून बेळगावकडे निघालेला भरलेला मालट्रक तवंदीचा घाट चढू लागला, की इंजिनाची खरी कसोटी लागते. तेथे गाडी तापली, तर मच्छे येथील औद्योगिक वसाहतीत माल वेळेवर पोहोचत नाही, आणि मालकाचे भाडे व ड्रायव्हरची विश्रांती ही दोन्ही बुडतात. अशा वेळी 'हेड गॅस्केट गेले' असा निकाल पुष्कळदा घाईने दिला जातो. हेड उतरविणे हे खर्चाचे काम होय. तत्पूर्वी पाण्याच्या दाबाची परीक्षा होणे इष्ट आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९७-९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. रेडिएटरचे टोपण स्प्रिंगच्या बळाने दाब कोंडून धरते. हा दाब दर चौरस सेंटीमीटरला १ किलोग्रॅम असला, तर पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत उकळत नाही. म्हणजे टोपण हे केवळ झाकण नव्हे; ती एक झडप आहे.

दाबाचे दोष दोन प्रकारचे असतात. पहिला, दाब न टिकण्याचा. इंजिन पूर्ण थंड असता हातपंपाने टोपणावरील आकड्याइतका दाब भरावा व दहा-पंधरा मिनिटे काटा पाहावा. काटा उतरला, तर होजच्या क्लिपा, रेडिएटर आणि वॉटर पंपाखालचे छिद्र तपासावे. बाहेर थेंबही नसेल, तर ऑइल पाहावे. ते दुधाळ झाले असल्यास पाणी आत शिरत आहे. काटा स्थिर राहिला, तर टोपणाचीच वेगळी परीक्षा करावी. गाडी थंड झाल्यावर होज चपटा होत असेल, तर टोपणातील लहान झडप अडकलेली असते.

दुसरा दोष दाब अकारण वाढण्याचा. थंड इंजिन सुरू करताच, पाणी कोमटही झाले नसता, एक-दोन मिनिटांत होज कडक झाला व पाण्यात सतत बुडबुडे येऊ लागले, तर कोठून तरी वायू शिरतो आहे, हे निश्चित. मात्र तो सिलिंडरमधूनच येतो असे नाही. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर याच पाण्याने थंड होत असेल, तर त्याच्या फुटक्या गॅस्केटमधूनही हवा येते. कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या नळ्या तात्पुरत्या वेगळ्या करून पाहाव्या. बुडबुडे थांबले, तर हेड निर्दोष ठरते. न थांबल्यास वायूपरीक्षेचा निळा द्रव वापरावा. जळलेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइडने तो पिवळसर होतो. रिकाम्या चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुरात हा वायू कमी असतो. म्हणून ही परीक्षा लवकर आटोपू नये.

तापलेल्या गाडीचे टोपण मात्र कदापि उघडू नये. दाब सुटताच आतील पाणी एकदम उकळून उसळते आणि चेहरा व हात भाजतात. अर्धा-पाऊण तास थांबल्याने खेप उशिरा पोहोचेल. पण माणूस सुखरूप राहील.