कातड्याचे पाकीट : एक छंद आणि एक ऋण

भाद्रपद सरत आला, की आदिलाबाद जिल्ह्यातील माळांवर, शेतांच्या बांधांवर आणि रस्त्यांच्या कडेला तरवड पिवळाधमक फुलतो. तेलुगू भाषेत त्याला तंगेडू म्हणतात. २०१४ साली तेलंगणा राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी या फुलाला राज्यपुष्पाचा मान मिळाला. बतुकम्माच्या नऊ दिवसांत स्त्रिया या फुलांचे थरावर थर रचतात, त्यांच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि अखेरीस ती फुले पाण्यात सोडतात. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील मराठी माणसालाही हे झुडूप परके नाही. परंतु त्याच्या फुलाची जितकी ख्याती झाली, तितकी त्याच्या सालीची झाली नाही. तरवडाची साल कातडे कमावण्याच्या कामी येते. फूल देवीपुढे आणि साल गावकुसाबाहेरच्या कुंडात, अशी एकाच झुडपाची वाटणी समाजाने शतकानुशतके करून ठेवली होती. हौस म्हणून जो कोणी चामड्याचे नक्षीदार पाकीट करावयास बसेल, त्याची गाठ आज ना उद्या या वाटणीशी पडल्याखेरीज राहत नाही.

हा छंद तसा अल्प खर्चाचा आणि थोड्या जागेचा. एखादा शिक्षक, एखादा कचेरीतील कारकून, निवृत्त गृहस्थ किंवा महाविद्यालयात जाणारी मुलगी यांपैकी कोणालाही तो घरच्या मेजावर करता येतो. आरंभाला पाकीटच का घ्यावे, याचे उत्तर सोपे आहे. पाकीट आकाराने लहान असल्याने चामडे थोडे लागते. शिवाय मापणे, कापणे, कड तासणे, नक्षी उठवणे, रंगवणे आणि शिवणे ही या विद्येची सर्व अंगे त्या एका वस्तूत येतात. पाकीट नीट साधले, की पट्टा, चष्म्याचे घर किंवा वहीचे आवरण करणे अवघड राहत नाही.

पहिला प्रश्न चामड्याचा. बाजारातील बहुतेक चामडे क्रोम या धातूच्या क्षारांनी कमावलेले असते. या पद्धतीचे पहिले यशस्वी एकस्व अमेरिकेत १८८४ साली घेतले गेले. काम झटपट होत असल्याने पुढे ती जगभर पसरली. असे चामडे मऊ, चिवट आणि पाण्याला दाद न देणारे असते. पण नक्षीच्या कामी ते निरुपयोगी ठरते. ठसा मारला तरी ते पुन्हा फुगून पूर्ववत होते. नक्षीसाठी सालीने कमावलेले चामडेच हवे. ओळखण्याची खूण कोणालाही करून पाहण्यासारखी आहे. तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकावा. कोऱ्या, न रंगवलेल्या, सालीने कमावलेल्या चामड्यात तो मुरतो, जागा काळपट होते आणि तेथे नख दाबले असता वण तसाच राहतो. क्रोमच्या चामड्याची कापलेली कड बहुधा निळसर करडी दिसते, तर सालीच्या चामड्याची तपकिरी.

हा फरक कशामुळे पडतो, तेही जाणून घेण्यासारखे आहे. जनावराची ओली खाल चार दिवसांत कुजू लागते. ती चुन्याच्या निवळीत भिजत घालून केस व मांस खरवडून काढतात, चुना धुऊन टाकतात आणि मग सालीच्या काढ्यात ठेवतात. सालीतील तुरट द्रव्य खालीच्या तंतूंशी घट्ट जोडले जाते आणि खाल सडण्याचे थांबते. बाभळीच्या सालीत, तरवडाच्या सालीत आणि हिरड्याच्या फळात हे द्रव्य भरपूर असते. हिरड्यात तर ते शेकडा ३० च्या आसपास भरते. खेड्यांतील जुन्या रीतीप्रमाणे कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात साल व पाणी भरून ते टांगून ठेवीत आणि झिरपलेला काढा पुन्हा वरून ओतीत. या साऱ्या कामाला आठवडेच्या आठवडे लागत. दुर्गंधी, चुन्याने फुटणारे हात आणि वाट पाहण्याची चिकाटी, हे सारे त्या एका तपकिरी तुकड्याच्या मागे उभे असते.

आता पाकिटाकडे वळू या. त्याचे माप नोटेवरून ठरते. सध्याची पाचशे रुपयांची नोट १५० मिलिमीटर लांब व ६६ मिलिमीटर रुंद आहे. बँकेचे कार्ड सुमारे ८६ मिलिमीटर लांब व ५४ मिलिमीटर रुंद असते. म्हणून बाहेरचा तुकडा २२ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर उंच घेतला, की घडी घातलेले पाकीट खिशात सहज मावते. बाहेरच्या बाजूस दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे म्हशीचे चामडे आणि आतील कप्प्यांना त्याहून पातळ असे बकऱ्याचे चामडे योग्य होय. तुकडा जनावराच्या पाठीकडचा निवडावा. तेथील चामडे घट्ट विणीचे असते. पोटाकडचे सैल असते व पुढे ताणत जाते.

नक्षीपूर्वी चामडे ओलसर करावे लागते. ओल्या बोळ्याने ते सारखे भिजवून काही वेळ तसेच ठेवावे. मूळचा फिका रंग परत दिसू लागला, पण गालाला लावून पाहता ते अजून गार लागते, ही नक्षीची वेळ. फार ओले असेल तर ठसा पसरतो आणि फार कोरडे असेल तर उमटत नाही. पारदर्शक कागदावरची आकृती बोथट टोकाने त्यावर उतरवून घेतात. मग बोटांत फिरणाऱ्या छोट्या सुरीने रेषा चिरतात. ही चीर चामड्याच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक खोल जाता कामा नये. त्यानंतर चिरेच्या एका अंगाला उतरत्या तोंडाचा ठसा ठेवून लाकडी मोगरीने हलकेच ठोकत गेले, की ती बाजू खाली दबते आणि आकृती वर उठून दिसते. खाली जाड फरशीचा तुकडा हवा. लाकडाच्या मेजावर ठोकल्यास घाव मेजातच जिरतो. नक्षीसाठी मोर आणि वेलबुट्टी यांच्याच मागे लागण्याचे कारण नाही. सागाचे शिरांनी भरलेले पान, मोहाचा घोस किंवा तरवडाचे पाच पाकळ्यांचे फूल आदिलाबादच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून काढता येईल. कागदावरची रेघ खोडता येते, चामड्यावरची खोडता येत नाही. म्हणून पहिली चार-सहा फुले टाकाऊ तुकड्यांवर काढावीत हे उत्तम.

पुढे रंग, तेल आणि मेण यांचे हात द्यावयाचे. नंतर घडीच्या व शिवणीच्या कडा रापीने आतून तासून पातळ करावयाच्या. एकावर एक तीन थर आले, की न तासलेली कड बोटाएवढी जाड होते आणि पाकिटाचा डौल जातो. शिवणीसाठी आरीने सारख्या अंतरावर भोके पाडून मेण लावलेला दोरा वापरतात. दोऱ्याच्या दोन्ही टोकांस एकेक सुई ओवून त्या एकाच भोकातून समोरासमोर नेल्या, तर शिवण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सहसा उसवत नाहीत. रस्त्याकडेला बसणारा मोची आकडा असलेल्या आरीने दोरा खालून वर खेचतो आणि त्या फासातून दुसरा दोरा नेतो. त्याची गती पाहिली, म्हणजे नवशिक्याला आपल्या हाताची खरी किंमत कळते.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. हे शिकावयाचे कोणापासून? छापील पुस्तके आणि पडद्यावर दिसणारी प्रात्यक्षिके पुष्कळ आहेत आणि त्यांतून ठशांचे काम चांगले शिकता येते. पण रापी कोणत्या कोनात धरावी, कोणता तुकडा वर्षभरात ताणेल, कोणत्या चामड्याला आतून कीड आहे, हे ज्ञान हातातून हातात जाते. आदिलाबादेत ते चांभार, ढोर आणि मादिगा या समाजांतील वडीलधाऱ्या माणसांपाशी आहे. विहिरीची मोट, नाडा, पखाल, शेतकऱ्याच्या वहाणा, बैलांचे पट्टे, लग्नात व मिरवणुकीत वाजणारा डप्पू या सर्वांचे चामडे याच समाजांच्या हातांनी घडले. विजेच्या पंपाने मोट घालवली, रबराने व प्लॅस्टिकने वहाणा घालवल्या, आणि विद्या जाणणारे हात एकेक करून रिकामे होत गेले.

त्या हातांना समाजाने काय दिले, हे सांगितल्यावाचून या छंदाचे वर्णन पुरे होत नाही. ज्याच्या मोटेचे पाणी साऱ्या शिवाराने प्यावे, त्याला पाणवठ्यावर येऊ दिले जात नसे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला; तथापि कातड्याच्या कामाला चिकटलेला तुच्छभाव कायद्याबरोबर नाहीसा झाला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडून देण्यास सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता. जे काम जन्माने लादले जाते आणि जे सोडण्याची मुभा नसते, ते कितीही कौशल्याचे असले तरी बेडीच ठरते.

याउलट, ज्यांनी चामडे स्वेच्छेने हाती घेतले, त्यांचा इतिहास निराळा आहे. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी हर्मन कॅलनबाख यांच्याकडून चपला करावयास शिकले. कॅलनबाख ती कला मॅरियनहिल येथील ख्रिस्ती मठात शिकून आले होते. गांधीजींनी केलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट गेला. बंगालमध्ये शांतिनिकेतन व श्रीनिकेतन येथे रथींद्रनाथ ठाकूर आणि प्रतिमा देवी यांच्या प्रयत्नांतून चामड्यावरील उठावाच्या व रंगीत नक्षीची कला रुजली. सुशिक्षित घरांत चामड्याची नक्षीदार बटवी दिसू लागली, याचे बरेचसे श्रेय त्या प्रयोगांना आहे. हे प्रयोग थोर होते, यात शंका नाही. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. बॅरिस्टराने केलेली चप्पल जगात वाखाणली गेली. गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चपला करणाऱ्यांना ते कौतुक लाभले नाही. छंद आणि सक्ती यांच्यातील अंतर ते हेच. छंदिष्टाला काम खाली ठेवून हात धुता येतात आणि नंतर त्याला कोणी विटाळ मानीत नाही.

म्हणून कामाला त्याच्या कर्त्याचे नाव लागणे महत्त्वाचे. निर्मळची लाकडी खेळणी आणि ओझा कारागिरांचे आदिलाबाद ढोकरा या दोन्ही वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाले असून, त्यांपैकी ढोकराला ते २०१८ साली मिळाले. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर निर्मळ हा स्वतंत्र जिल्हा झाला असला, तरी ती खेळणी जुन्या आदिलाबादचीच देणगी होय. कोल्हापुरी चपलेला असे मानांकन २०१९ साली लाभले. असे असूनही जून २०२५ मध्ये इटलीतील एका विख्यात फॅशनगृहाने मिलान येथे तशाच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा आरंभी त्यांच्या मूळ स्थानाचा उल्लेखही झाला नाही. महाराष्ट्रातून व कर्नाटकातून आवाज उठल्यावर ते ऋण मान्य करण्यात आले. इतक्या दूरच्या नगरीत जे घडले, ते घरच्या मेजावरही घडू शकते. मोच्याकडून रापी धरण्याची रीत शिकावयाची आणि पाकिटाखाली मात्र केवळ आपले नाव घालावयाचे, हे त्याच चुकीचे लहान रूप होय.

तेव्हा या छंदात पडू इच्छिणाऱ्याने चार गोष्टी पाळाव्यात. ज्याच्याकडे शिकावयाचे, त्याला नावाने आणि आदरार्थी बहुवचनाने संबोधावे. त्याच्या जातीचे नाव घेऊन हाक मारण्याची जुनी सवय टाकून द्यावी. शिकवण्याचा मोबदला आधी ठरवून रोख द्यावा. एक पेला चहा पाजून विद्या घेणे हा व्यवहार नव्हे. पाकिटे विकावयाची झाल्यास ती कोणाकडून शिकली, हे गिऱ्हाइकाला सांगावे. आणि त्याच्या मुलाने बापाचा धंदा पुढे चालवावा, असा उपदेश त्याला कदापि करू नये. तो मुलगा मास्तर होवो, इंजिनियर होवो, अथवा हौसेने आरी हाती घेवो. निवड त्याची आहे. छंदिष्टाला जी मोकळीक आपोआप मिळाली, ती त्याला मिळावी म्हणून त्याच्या आधीच्या पिढ्यांना झगडावे लागले आहे.

पहिले पाकीट बहुधा वाकडेच होते. एखादा टाका तिरपा जातो, फुलाची एक पाकळी दुसरीपेक्षा मोठी उमटते, कड जाड राहते. ते घरच्यांच्या कौतुकासाठी कपाटात ठेवण्याआधी ज्याने रापी धरावयास शिकवले, त्याच्या हाती द्यावे. तो ते उघडून पाहील, कडेवरून अंगठा फिरवील, शिवण ताणून बघील आणि चूक कोठे झाली ते दोन शब्दांत सांगेल. ते ऐकून घ्यावे आणि दुसरे पाकीट कापावयास घ्यावे.