मी खेळलेले काही खेळ



या व्यासपीठावरून विद्वान माणसे बोलत आली आहेत. मी दहावीच्या पुढे शाळेत गेलो नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, कामगार वस्तीतल्या वाचनालयात, हाताला येईल त्या क्रमाने. चालकांचे पत्र आले तेव्हा मी नव्या कामगार संहितांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयावर मी वर्षभर फाटकाफाटकावर बोलतच असतो आणि ऐकणारेही आता कंटाळले आहेत. म्हणून मी व्हिडिओ गेम हा विषय कळवला. चालकांचा दुसऱ्या दिवशी फोन आला, की पत्रात काही चूक तर झालेली नाही ना! चूक झालेली नव्हती.

झाले असे, की गेल्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरून माझा घोटा मोडला. सहा आठवडे पाय उशीवर. वर्तमानपत्र सकाळी आठलाच वाचून संपे आणि मग दिवसभर मी घरातल्यांना काही ना काही समजावून सांगत बसे. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आईसमोर द्वारसभा घेणे थांबवा," आणि तिने आपला जुना लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. त्या सहा आठवड्यांत, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही, मी जे खेळलो त्याविषयी बोलतो.

अगदीच अनोळखी प्रांत होता असे नाही. नव्वदच्या दशकात जत्रेत आणि फुटपाथवर हातात मावणारा 'ब्रिक गेम' मिळे. आमच्या एका संपात तो मांडवात या हातातून त्या हातात फिरत असे. रात्रीच्या पहाऱ्याला त्याचा मोठा आधार. वरून पडणाऱ्या विटा रचायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. हा मूळचा 'टेट्रिस'. अलेक्सेइ पाजितनोव्ह या गृहस्थाने तो 1984 साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरीला असताना केला. खेळ जगभर गेला, हक्क सरकारकडे राहिले, आणि कर्त्याला त्यातला वाटा मिळू लागला तो 1996 पासून. आम्ही मांडवात बसून त्याच्या विटा रचत होतो तेव्हा त्याला त्याचे काही मिळत नव्हते, हे मला गेल्या वर्षी कळले. सरकारी मालकी म्हणजे कामगाराची मालकी नव्हे, हा वाद आमच्या चळवळीत जुना आहे. असो.

मुलीने पहिला खेळ दिला तो ट्रक चालवण्याचा : 'युरो ट्रक सिम्युलेटर 2'. प्रागमधल्या एका कंपनीने तो 2012 साली काढला. रोटरडॅमहून माल घ्यायचा, प्रागला पोचवायचा. यात कोणी कोणाला मारत नाही. वाटेत पाऊस, टोलनाके, पेट्रोल पंप. फार वेळ चालवले तर चालकाला झोप येते, डोळे मिटू लागतात. आपल्याकडच्या किती ट्रकमालकांना हा खेळ दाखवावा असे वाटले! प्रारंभी आपण दुसऱ्याच्या गाडीवर चालक असतो. मग बँकेचे कर्ज, मग स्वतःची गाडी, मग गॅरेज, आणि पुढे आपल्या हाताखाली चालक. इथे माझी गंमत झाली. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे पाच चालक होते. त्यांची कमाई तक्त्यात दिसते. त्यांतला एक वारंवार रिकामी गाडी घेऊन परत येई. रोज सकाळी चहाबरोबर मी तो तक्ता पाही आणि त्या माणसावर मनातल्या मनात चिडे. ना त्याने कधी पगारवाढ मागितली, ना रजा. एके सकाळी मी त्याला काढून टाकले. एक बटण दाबले आणि काम झाले; नोटीस नाही, चौकशी नाही, ग्रॅच्युइटी नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं हो हसायला?" तिला काय सांगणार? तीस वर्षे ज्या मनोवृत्तीशी भांडलो ती आपल्या मांडीवर तीन आठवड्यांत उगवली! मालक हा काही निराळ्या मातीचा नसतो, हे मी पुस्तकात पुष्कळदा वाचले होते. त्या सकाळी ते पटले.

'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ. एरिक बॅरोन या तरुणाने चित्रे, संगीत, कथा असे सगळे एकट्याने साडेचार वर्षे खपून केले आणि 2016 साली प्रसिद्ध केले. त्या काळात तो सिएटलमधल्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करीत असे. कारकुनीला कंटाळलेला माणूस आजोबांच्या शेतावर जातो. खेळ गोड आहे. पण माझे आजोबा मराठवाड्यातली शेती सोडून आले ते कंटाळा आला म्हणून नव्हे. या शेतात पाऊस कधी दगा देत नाही आणि पिकवलेले सगळे ठरल्या भावाने विकले जाते. मी दोन हंगाम केले आणि थांबलो.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या मंडळींचा 'राजी' (2020) मात्र अभिमानाने उघडला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी डोंबारीण पोर, राजस्थानी किल्ले, कळसूत्री बाहुल्यांच्या सावल्या. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावर संस्थापकांपैकी एकीने आपले घर विकून काम पुढे नेले, असे वाचले. परंतु माझी बोटे काही तिच्या उड्यांना पुरी पडली नाहीत. तिसऱ्या दरीत ती इतक्या वेळा पडली, की मला त्या मुलीची लाज वाटू लागली.

आता ज्या खेळाने माझी झोप उडवली तो सांगतो. 'डिस्को एलिझियम', 2019 साली प्रसिद्ध झालेला. एस्टोनिया या लहानशा देशातल्या तरुण लेखक-चित्रकारांनी तो केला. मुख्य लेखक रॉबर्ट कुर्विट्झ. यात मजकुराचे दहा लाखांवर शब्द आहेत, म्हणजे खेळ कसला, कादंबऱ्यांचे कपाटच! माझे इंग्रजी कायद्याची कलमे वाचून तयार झालेले. त्यामुळे 'परंतुक' आले की समजते आणि शिवी आली की मुलीला विचारावे लागते, अशी पंचाईत. स्मृती गेलेला एक दारुडा पोलीस अधिकारी रेव्हाशोल नावाच्या कल्पित शहरात एका खुनाचा तपास करतो. प्रेत झाडाला टांगलेले आहे, आणि शेजारच्या बंदरात गोदी कामगारांचा संप चालू आहे. फाटकावर कंपनीने आणलेले संपफोडे घोषणा देत उभे आहेत. हे फाटक मी ओळखले. थंडीत पेटवलेले डबे ओळखले. 'प्रत्येक कामगार संचालक मंडळावर' ही त्या संपाची मागणी. अशी मागणी मान्य होण्यासाठी केलेली नसते हेही ओळखले.

आणि मग युनियनचा पुढारी भेटला. एव्हरार्ट क्लेअर. जाडजूड, हसतमुख, कोणालाही मित्र म्हणणारा. समोरच्याला तो मुद्दाम अवघड खुर्चीवर बसवतो आणि दुखले तरी बसवून ठेवतो. घटनेप्रमाणे लागोपाठ पदावर राहता येत नाही, म्हणून तो आणि त्याचा जुळा भाऊ आलटून पालटून अध्यक्ष होतात! इथे मी मोठ्याने हसलो. आमच्या चळवळीत जुळ्या भावांची गरज पडली नाही, मेहुणे पुरले. पहिल्यांदा मला राग आला, की युनियनवाल्याला लबाड दाखवण्याची ही नेहमीची रीत. पण खेळ पुढे जातो तसे कळते, की हा माणूस लबाड आहे आणि कामगारांच्या बाजूचाही आहे. कंपनीची प्रतिनिधी सुसंस्कृत आहे, खरे बोलते, आणि तिच्याच कंपनीने भाडोत्री बंदुकवाले पाठवले आहेत. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे लिहायला धैर्य लागते. आमच्या पथनाट्यांत ते धैर्य आम्ही कधी दाखवले नाही, मी स्वतः लिहिलेल्यांतही नाही.

या खेळाच्या कर्त्यांचे पुढे काय झाले? कुर्विट्झ आणि त्याचे काही जुने सोबती कंपनीबाहेर पडले. ते स्वखुशीने गेलेले नाहीत हे 2022 साली बाहेर आले आणि वाद न्यायालयापर्यंत पोचला. या धंद्यातले हे दुखणे जुने आहे. अटारी ही अमेरिकेतली मोठी कंपनी. तिथे खेळ करणाराचे नाव खेळावर घालीत नसत. वॉरन रॉबिनेट या कामगाराने 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली बांधली आणि तिच्यात आपले नाव लिहून ठेवले. तो नोकरी सोडून गेल्यावर ती एका मुलाला सापडली. त्याच कंपनीतले चौघे 1979 साली बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. कर्त्याचे नाव देऊ, हा त्यांचा बाणा. पुढे हीच ॲक्टिव्हिजन अवाढव्य झाली आणि 2022 साली तिच्याच विस्कॉन्सिनमधल्या एका शाखेत खेळातले दोष तपासणाऱ्या कामगारांनी 19 विरुद्ध 3 मतांनी युनियन केली. हे वाचले त्या दिवशी पाय दुखत असूनही मी पलंगावर उठून बसलो.

शेवटचा खेळ 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोप या अमेरिकी माणसाने जपानात राहून जवळजवळ एकट्याने केलेला, 2013 चा. दिसायला अगदी दरिद्री. मळकट रंग, चौकोनी चेहरे. आपण आर्स्टोट्झ्का नावाच्या कल्पित देशाच्या नाक्यावर 1982 साली तपासनीस आहोत. माणूस खिडकीशी येतो, कागद ठेवतो. तारीख, शहर, शिक्का, फोटो जुळवायचे आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. एका माणसामागे 5 नाणी. म्हणजे नगामागे मजुरी! दिवसाला दोन चुका माफ, पुढे दंड. संध्याकाळी हिशेबाचा कागद येतो : भाडे, अन्न, शेकोटी. घरी बायको, मुलगा, सासू, काका. पैसे पुरले नाहीत तर कोण गारठणार ते आपण ठरवायचे.

विसाव्या वर्षी मी एका लहान कारखान्यात प्रेसवर होतो, नगावरच. मुकादमाचे लक्ष नसले, आणि असले तरीही, आम्ही यंत्राची जाळी काढून ठेवीत असू, कारण जाळीने दिवसाला साठ-सत्तर नग कमी पडत. माझ्या डाव्या तर्जनीचे पेर त्यात गेले. म्हणून या खेळात माझा हात कसा चालू लागला ते मला चांगले समजत होते. तिसऱ्या दिवसापर्यंत मी माणसे पाहीनासा झालो. चेहरा पाहायचा तो फोटोशी जुळतो का एवढ्यापुरता.

पाचव्या दिवशी एक मनुष्य आला. कागद चोख. जाताना म्हणाला, माझी बायको मागेच आहे, तिला जरा सांभाळून घ्या. मागून ती आली. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नव्हता. परत गेले तर जीव जाईल, असे ती सांगत होती. माझ्या दोन चुका आधीच झालेल्या. घरी मुलगा आजारी. मी लाल शिक्का मारला. फार विचार केला असे सांगितले तर ते खोटे होईल. दोन सेकंद लागले असतील.

रात्री झोप आली नाही, आणि ती खेळातल्या बाईमुळे नव्हे. 2011 साली एका इंजिनिअरिंग कारखान्यात आमचा करार झाला. कायम कामगार दोनशेच्या वर, कंत्राटी नव्वदच्या आसपास. मागणीपत्रात सतरावी मागणी त्या नव्वदांची होती. बोलणी रात्री दीडपर्यंत चालली. व्यवस्थापन म्हणाले, सतरावी सोडा, वाढीत आणखी दीड हजार देतो. आमच्या समितीत सात माणसे होती; कोणी तोंड उघडले नाही, कारण सगळे माझ्याकडे पाहत होते. मी सही केली. सकाळी फाटकावर गुलाल उधळला गेला, मला खांद्यावर घेतले. कंत्राटी मुले पलीकडे चहाच्या टपरीपाशी उभी होती. त्यांच्यातला एक पुढे येऊन म्हणाला, "साहेब, अभिनंदन." तो मला आजवर दादा म्हणत असे. चार महिन्यांत कंत्राटदार बदलला आणि त्यांच्यातले बहुतेक गेले. मी त्या कराराविषयी पुष्कळ भाषणे केली, पण सतराव्या मागणीचा उल्लेख कधी केला नाही. आज इथे पहिल्यांदा करतो आहे.

या खेळात मागच्या कोणत्याही दिवसापासून पुन्हा सुरुवात करता येते. मी पाचव्या दिवसावर परत गेलो आणि तिला आत सोडले. दंड बसला, त्या संध्याकाळी शेकोटी विझलेली राहिली. दुसऱ्या दिवशी नाक्यावर रांग तशीच होती.

त्याच कारखान्याचा करार आता पुन्हा बोलणीला आला आहे. या वेळी कंत्राटी कामगारांची यादी मागणीपत्राच्या पहिल्या पानावर आहे, आणि ती आधी सुटल्याशिवाय वाढीचा आकडा बोलायचा नाही असे मी समितीत मांडले. ठराव एका मताने झाला. कायम कामगारांपैकी पुष्कळजण नाराज आहेत. परवाच्या द्वारसभेत दोघांनी मला सरळ विचारले, की तुम्ही नेमके कोणाचे? पुढची बैठक येत्या मंगळवारी सकाळी अकराला आहे. अध्यक्ष महाराजांनी घंटा वाजवली, तेव्हा मी खाली बसतो.