फुलांची मांडणी : हत्यारे व साहित्य

(सोनगीर, जि. धुळे येथे शेतकरी व महिला बचत गटांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा माणूस. ज्वारीच्या दोन ओळींत किती अंतर ठेवावे, निंदणी केव्हा करावी, हे सांगणे माझे काम. त्यामुळे फुलांच्या सजावटीवर बोला म्हटल्यावर मी थोडा बिचकलोच. परंतु दसऱ्याला झेंडू घेऊन बाजारात जाणाऱ्याची काय गत होते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा, आणि संध्याकाळी उरलेला माल परत आणण्याचे भाडेही सुटत नाही म्हणून तो रस्त्याच्या कडेला ओतायचा. तोच झेंडू तोरण होऊन गेला तर त्याचा हिशेब किलोवर राहत नाही, हातावर होतो. लग्नसराईत मंडपाची, गाडीची, हळदीची सजावट बाहेरगावचा माणूस येऊन करून जातो. फुले मात्र आपल्याच शिवारातली असतात. ही कामे गटातील भगिनींनी घ्यायची ठरविल्यास साहित्य काय आणावे, एवढेच आज बोलू. दुकानात रिकाम्या हाताने चौकशीला गेलात तर पिशवीभर वस्तू घेऊन याल, आणि त्यातील निम्म्या वर्षभर तशाच पडून राहतील.

सर्वात आधी बादल्या घ्या. प्लॅस्टिकच्या, उंच, आणि फक्त फुलांसाठी. औषध कालवलेली किंवा खत भिजवलेली बादली कितीही विसळली तरी चालणार नाही. तोडलेले फूल लवकर मान टाकते त्याचे मोठे कारण देठात असते. पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत जिवाणूंचा चिकटा आणि हवेचा बुडबुडा अडकतो. मग बादलीत पाणी असूनही फूल तहानलेले राहते. म्हणून बादली प्रत्येक वेळी साबणाने घासावी, नंतर ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन, विसळून उन्हात पालथी घालावी. आतून बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागले तर पुन्हा घासा.

दुसरी वस्तू सिकेटर. यात दोन प्रकार येतात. एकात धारेचे पाते दुसऱ्या पात्याच्या शेजारून सरकते, कात्रीसारखे. दुसऱ्यात पाते सपाट पट्टीवर येऊन आपटते. फुलांसाठी पहिला घ्यावा, कारण दुसऱ्याने कोवळा देठ चेंगरतो आणि चेंगरलेल्या नळ्या पाणी ओढत नाहीत. निशिगंध, ग्लॅडिओलस यांना धारदार चाकूही पुरतो. छाट तिरपी द्यावी, म्हणजे देठ बादलीच्या तळाला सपाट चिकटून बसत नाही. घरी आणल्यावर खालचा दोन सेंटिमीटर भाग पाण्यातच बुडवून पुन्हा छाटावा आणि पाण्याखाली येणारी पाने खुडून टाकावीत. तार कापायला पक्कड वेगळी, रिबिनीला कात्री वेगळी. तारेवर चालवलेल्या सिकेटरची धार गेलीच म्हणून समजा.

आता पाणी. आपल्याकडील बऱ्याच विहिरी-बोअरचे पाणी मचूळ असते. फुलांना शक्यतो गाळलेले, कमी क्षाराचे पाणी द्यावे. पाण्यात फ्लोराईड जास्त असल्यास ग्लॅडिओलसच्या पाकळ्यांच्या कडा करपतात. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम साखर आणि चिमूटभर लिंबूसत्त्व, म्हणजे साधारण पाव ग्रॅम, टाकावे. साखर फुलाचे अन्न होते. आंबट पाण्यात जिवाणू कमी वाढतात आणि देठातून ते पाणी सहज चढते. नुसती साखर घालू नका, जिवाणूंना मेजवानी होईल. ब्लीचिंग आणि लिंबूसत्त्व मात्र एकत्र मिसळू नये; त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो घशाला व डोळ्यांना बाधतो. ब्लीचिंग बादली धुण्यापुरते, लिंबूसत्त्व पाण्यापुरते.

येथे माझीच एक फजिती सांगतो. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशात सर्वांना ठाऊक आहेत. अशीच एक सुरेख पितळी हंडी घेऊन मी एका कार्यक्रमासाठी तिच्यात हे साखर-लिंबूसत्त्वाचे पाणी ओतले आणि ग्लॅडिओलसचे दांडे लावले. दुसऱ्या दिवशी पाणी हिरवट झाले आणि दांडे अकाली मलूल पडले. शेजारी उभ्या असलेल्या एक आजी हसून म्हणाल्या, "पितयना भांडामा ताक कोन ठेवस, सर?" कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, हे घरातल्या लहान मुलीलाही माहीत असते, पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी तेवढे विसरलो होतो. धातू आंबट पाण्यात विरघळतो आणि त्याचे प्रमाण वाढले की तो देठालाही बाधतो. जस्ताच्या बादलीचेही तेच. तेव्हा पितळी भांडे जरूर वापरा, शहरातल्या काचेच्या फुलदाणीपेक्षा ते मंडपात अधिक शोभते. फक्त आत प्लॅस्टिकचा डबा किंवा कापलेली बाटली बसवून पाणी तिच्यात घाला. पितळ दिसेल, पाणी त्याला लागणार नाही.

भांड्यात फुले उभी कशी राहणार? यासाठी दुकानात हिरव्या स्पंजची वीट मिळते. अमेरिकेत ओहायो राज्यात व्हर्नन स्मिदर्स यांनी 1954 मध्ये ती बाजारात आणली. वापरायला सोपी आहे. पाण्यावर अलगद सोडावी, आपोआप बुडू द्यावी; हाताने दाबली तर मधला भाग कोरडा राहतो. पण ती फिनॉल-फॉर्मल्डिहाइडपासून बनते, कुजत नाही, आणि एकदा भोके पडली की टाकूनच द्यावी लागते. तिचा चुरा मातीत, पाण्यात बारीक कणांच्या रूपात राहतो. लंडनच्या प्रसिद्ध चेल्सी पुष्पप्रदर्शनातही 2021 पासून ती वापरू देत नाहीत. लग्न उरकले की हा कचरा शेवटी आपल्याच उकिरड्यावरून शेतात येणार, म्हणून मी तिची शिफारस करीत नाही.

तिच्याऐवजी केळीचे खोड घ्या. घड कापल्यावर बागेत खोडांचा ढीग पडतो. जळगावकडील मंडळींना तर तो काढायला मजुरी द्यावी लागते. वीतभर तुकडा कापून आडवा ठेवावा, चाकूच्या टोकाने किंवा खिळ्याने भोके पाडून देठ खोचावेत. खोडात पाणी भरपूर असल्याने समारंभाचा दिवस निभावतो, आणि नंतर तुकडा सरळ कंपोस्टच्या खड्ड्यात जातो. फक्त केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही. खाली कागद अंथरा आणि यजमानांच्या पांढऱ्या चादरीपासून दूर राहा. उंच भांड्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी हातभर कापून चुरगाळावी आणि तोंडात बसवावी. ती वर्षानुवर्षे टिकते. जपानी पद्धतीत शिशाच्या जड बैठकीवर पितळेच्या उभ्या पिना बसविलेल्या असतात, त्यात देठ टोचतात. ही वस्तू मिळाल्यास एखादी घ्या. येथील कारागिरांनी तिचा नमुना पाहावा, असे मला फार वाटते.

बांधणीसाठी तार लागते. तारेचा गेज जितका मोठा तितकी ती बारीक : जरबेराच्या दांड्याला आधार द्यायला 20 गेज, पाकळ्या-पाने गुंफायला 26. हिरवी टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, हे नवख्यांना कळत नाही. हाराला लांब सुई आणि दोरा. गजऱ्याला मात्र केळीचे वाळलेले सोपट उभे चिरून, पाण्यात भिजवून घ्या. ते देठ कापत नाही.

केळीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. फुलांच्या बादल्या पिकत्या केळीच्या गाडीत किंवा रायपनिंगच्या खोलीजवळ ठेवू नका. पिकत्या केळीतून इथिलीन वायू निघतो. त्याने कार्नेशन, ऑर्किड आणि गुलाबाचे काही वाण लवकर मिटतात, पाकळ्या गळतात.

फुलांच्या मधली जागा भरायला बाहेरून महागडी जिप्सोफिला आणायची गरज नाही. खरिपात आपण ज्याला शिव्या देत उपटतो ते कुरडू, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचे, सावलीत उलटे टांगून वाळवा. रंग बराच टिकतो. आयुष्यभर ते उपटायला सांगणारा मी, आज बांधावरचे चार ठेवा म्हणतो आहे! बी पडण्यापूर्वी कापा म्हणजे झाले. बाजरीची, ज्वारीची कणसेही छान दिसतात. परंतु गाजरगवताची पांढरी फुले जिप्सोफिलासारखी दिसतात म्हणून कोणी बांधली तर थांबवा. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमा होतो, आणि नवरीच्या हातात तो गुच्छ असतो.

ग्लॅडिओलसचा दांडा खालच्या एक-दोन फुलांचा रंग दिसताच काढावा व उभाच ठेवावा. आडवा ठेवल्यास शेंडा वर वळतो. आपल्या विद्यापीठाच्या गणेशखिंड केंद्राचे फुले गणेश, फुले प्रेरणा हे वाण आणि निशिगंधाचा फुले रजनी एखाद्या गुंठ्यावर लावून पाहा.

सुरुवातीला चार बादल्या, एक चांगला सिकेटर, एक चाकू, पक्कड, दोन गेजची तार, जाळीचा तुकडा आणि गावातली चार पितळी भांडी एवढ्यावर काम घ्या. भांडी भाड्याने देताना यजमानांकडून अनामत घ्या, आणि दुसऱ्या दिवशी परत आणताना फुले काढण्याआधी ती मोजून घ्या.