गाण्यापूर्वीचा अर्धा तास
(मंडळाच्या समूहगान शाखेपुढे केलेले भाषण)



समूहगान रंगमंचावर बिघडते असा आपला समज आहे. वास्तविक ते बहुधा पडद्यामागेच बिघडलेले असते. बदल्यांच्या निमित्ताने तीन-चार प्रांतांतील मराठी मंडळांचे गणेशोत्सव मी पाहिले. चित्र सर्वत्र तेच. एका कोपऱ्यात तबल्यावर हातोडी, दुसऱ्यात पेटी, मध्ये मुलांचा कल्लोळ, आणि घंटा होताच सर्वांनी एकदम तोंड उघडायचे! १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून चालत आलेल्या संगीत नाटकात नांदी मिळून म्हणण्याची रीत आहे. तीत ईशस्मरण तर असतेच. पण सर्वांचे गळे एका सुरात येण्याची सोयही त्यात होते, असे मला वाटते.

पुरुषांचा षड्ज सामान्यतः काळी एक-दोनच्या आसपास, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या. काळी चार षड्ज मानली, तर काळी एक हा तिचा मध्यम होतो. म्हणजे एका वर्गाला सुखाची पट्टी दुसऱ्याला जाचक. म्हणून प्रारंभी दोन्ही वर्ग वेगळे बसवावेत. प्रत्येकाला एक प्रमुख असावा. पेटीने षड्ज द्यावा आणि गप्प बसावे. पुढचे काम तंबोऱ्याचे. पुरुषांनी खर्ज लावावा, स्त्रियांनी मध्य षड्जापासून सावकाश आकार घ्यावा. आवाज अर्धाच, तार षड्जाची घाई नको. पंधरा मिनिटे पुरेत. मग सर्वांनी एकत्र येऊन गाण्याच्या पट्टीत एकच ओळ दोनदा म्हणावी. संपूर्ण गाणे मुळीच म्हणू नये. गळ्यातली शक्ती श्रोत्यांसाठी राखून ठेवावी.

तबलजींनी हात मोकळा करावा, पण दूरच्या खोलीत. दमट हवेत पुडी उतरते, दिव्यांच्या उष्णतेने चढते; म्हणून अखेरचे सूर मिळवणे रंगमंचाजवळच व्हावे.

परंतु आपल्यासारख्या परप्रांतस्थांच्या दृष्टीने या अर्ध्या तासातील मोलाची पाच मिनिटे निराळीच आहेत. आपली मुले शाळेत, मैदानावर दिवसभर अन्य भाषा बोलतात. त्यांच्या मुखात ‘कमळ’चे ‘कमल’ होते. ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ यांतील दोन भिन्न ‘च’ एकच होऊन बसतात. सूर चुकला तर शेजारचा सावरून घेतो. उच्चार चुकला तर वीस मुले तो एकमुखाने चुकतात! यास्तव गाण्याचे शब्द प्रथम चालीवाचून, लयीत, मोठ्याने म्हणवून घ्यावेत. हे काम प्रमुखाकडे न देता एखाद्या आजींकडे द्यावे. मुलांना आजींचे ‘ळ’ आवडतात. घरी एरवी ते ऐकायला मिळतातच असे नाही.

आणि भगिनीवर्गास एक नम्र विनंती : बटाटेवडे कार्यक्रमानंतर. तळणाच्या वासाने आमचे पुरुष गायक पंगतीच्या दिशेने सरकू लागतात, आणि त्यांना परत रांगेत आणणे कोणत्याही प्रमुखास साधत नाही.