तरुण वादकांस चार शब्द



आज रात्रीं ह्या मंडपांत गिटार व की-बोर्ड वाजतील, आणि ध्वनिवर्धकांतून तुमचे सूर दूरवर ऐकूं जातील. ज्या विजेनें सूर मोठा होतो, तीच वीज निष्काळजीपणानें प्राणही घेते. म्हणून तिजविषयीं चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

ता. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी शहरीं ‘स्टोन द क्रोज’ ह्या वृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे रंगमंचावर उभा होता. अर्थिंग सदोष असलेल्या मायक्रोफोनला त्याचा स्पर्श झाला, व विजेच्या धक्क्यानें तो मरण पावला. त्याचें वय अवघें २७ वर्षांचें होतें.

असें कां घडतें? गिटारीच्या तारा बहुधा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात, व मायक्रोफोनची जाळी मिक्सरच्या सांगाड्याशीं. ह्यांपैकीं एकाचें अर्थिंग तुटून त्यांत वीज उतरली, तर तारांवर हात व जाळीस ओठ लावणाऱ्या वादकाच्या देहांतूनच ती वाट काढते. आपली वीज २३० व्होल्टची. तिचा अँपिअरच्या दहाव्या भागाइतका प्रवाहही छातींतून गेल्यास हृदय बंद पडूं शकतें.

मग अर्थिंग तोडतो कोण? पुष्कळदां आपणच! दोन यंत्रें निरनिराळ्या ठिकाणीं प्लग लावून पुन्हा ध्वनीच्या केबलनें जोडलीं, म्हणजे अर्थिंगचें वर्तुळ पुरें होतें, आणि सेकंदास ५० आवर्तनें करणाऱ्या विजेची घुमघुम स्पीकरमधून ऐकूं येते. ती थांबावी म्हणून कोणी प्लगची मोठी पिन काढतो, कोणी हिरवी तार सोडवितो. घुमघुम थांबते खरी, परंतु त्याच क्षणीं वादकाचें कवच गळून पडतें.

ह्यास सुरक्षित उपाय आहेत. रंगमंचावरील वाद्यें व मिक्सर ह्यांस अर्थिंग तपासलेल्या एकाच बोर्डावरून वीज द्यावी. विजेची व ध्वनीची केबल एकमेकींस लगटून नेऊं नये. तरीही घुमघुम राहिल्यास डी. आय. बॉक्स वापरावा, त्यावरील ‘ग्राउंड लिफ्ट’चें बटण केवळ ध्वनीच्या केबलचा भूमिसंबंध तोडतें, विजेच्या अर्थिंगला हात लावीत नाहीं. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. असावा, व त्याचें चांचणीचें बटण कार्यक्रमापूर्वीं दाबून पाहावें. ओल्या जमिनीवर उभें राहून वाजवूं नये. ओठांस किंवा बोटांस मुंग्या आल्या, तर तत्क्षणीं वादन थांबवावें. कोणी विजेस चिकटलाच, तर त्यास न शिवतां आधीं मेन स्विच बंद करावा.

मित्रांनो, किंचित् घुमघुम झाली तरी श्रोते रागावणार नाहींत. मात्र पिन मोडलेला एकही प्लग दिसला, तर कार्यक्रम अर्धा तास खुशाल थांबवा. तोंवर मंडळींची समजूत मी घालीन.