उपचारांची अडीच वर्षे आणि समाजाचे दायित्व



परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासमोरचा पदपथ मुंबईकरांच्या नित्याच्या जाण्यायेण्याचा आहे. प्लास्टिकच्या आच्छादनाखाली बोचके, पाण्याचा कॅन, रुग्णालयाच्या कागदांची पिशवी आणि आईच्या मांडीवर डोक्याचे केस गेलेले, तोंडाला मुखपट्टी बांधलेले पाच-सहा वर्षांचे मूल, हे दृश्य तेथे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. पाहणारा हळहळतो, खिशात हात घालतो, दहा-वीस रुपये देतो आणि पुढची गाडी गाठतो. त्याच्या हळहळीत खोट नसते. परंतु ते मूल जगावे म्हणून समाजाकडून जे हवे असते, ते या क्षणिक दयेत मावणारे नाही. ते मोजायचे झाल्यास दोन ते अडीच वर्षांच्या मापाने मोजावे लागते.

कर्करोग म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे मृत्यू उभा राहतो. बालकांच्या बाबतीत ही धारणा बऱ्याच अंशी चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, संपन्न देशांत कर्करोग झालेल्या दर दहा मुलांपैकी आठांहून अधिक मुले बरी होतात. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हेच प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली आहे. रोग तोच, औषधे बहुतांशी तीच. मग ही दरी कशाने पडते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी एका भारतीयाचे स्मरण करणे उचित ठरेल, कारण सुशिक्षित घरांतही त्यांचे नाव फारसे ठाऊक नसते. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ मध्ये आंध्रातील भीमावरम येथे झाला. १९२३ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमिनोप्टेरीन हे औषध सिद्ध झाले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांना दिले. १९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात सोळा मुलांपैकी दहा मुलांना उतार पडल्याची नोंद आहे. तो उतार तात्पुरता होता, पण तोवर ज्या रोगापुढे वैद्यकाने हात टेकले होते, तो औषधाने मागे हटतो हे प्रथमच दिसले. त्याच वर्षी सुब्बाराव निवर्तले. अमिनोप्टेरीनच्याच कुळातील मेथोट्रेक्झेट आजही जगभरातील ल्युकेमियाग्रस्त मुलांना दिले जाते. टाटा रुग्णालयाचाही या रोगाशी असाच जिव्हाळ्याचा संबंध आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या आणि त्यांच्या स्मृत्यर्थ टाटा न्यासाने १९४१ मध्ये हे रुग्णालय उभे केले. एका घराचे दुःख अशा रीतीने सहस्रावधी घरांचा आधार झाले.

तेव्हा विद्या आहे, औषध आहे, निष्णात वैद्य आहेत. तरीही मुले जातात. काही रोगाच्या उग्रतेमुळे जातात, काही उशिरा आणल्यामुळे. परंतु त्यांतली काही मुले केवळ उपचार मध्येच सोडल्यामुळे जातात, आणि मनाला सर्वाधिक टोचावी अशी गोष्ट हीच आहे. टाटा रुग्णालयात २००९ च्या सुमारास सुमारे वीस टक्के मुलांचे उपचार नाकारले जात किंवा अर्धवट सुटत. म्हणजे पाचांत एक. बालविभागाने समाजसेवक, देणगीदार संस्था, निवास, आहार आणि पाठपुरावा यांची सांगड घातली आणि पुढील काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. हा पालट कोणत्याही नव्या औषधाने घडला नाही. कुटुंबाला धरून ठेवल्याने घडला.

कुटुंब उपचार का सोडते, हे नीट समजून घेतले पाहिजे. शहरातील सुखवस्तू माणूस चटकन म्हणतो, अडाणीपणा. तो न्याय नव्हे.

बीड जिल्ह्यातील एखाद्या ऊसतोड जोडप्याचा विचार करावा. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी दोघांनी कोयता हाती घेऊन कारखान्याच्या फडावर जायचे असते. अशात मुलाला ताप येतो आणि हटत नाही. अंग पांढरे पडते, हातापायांवर काळेनिळे डाग उमटतात, हाडे दुखतात म्हणून मूल चालायचे थांबते. गावातला डॉक्टर, मग तालुक्याचा, मग जिल्ह्याचा, अशा पायऱ्या चढता चढता शेळ्या विकल्या जातात. मुंबईची वाट धरेपर्यंत आईच्या गळ्यातील डोरले सावकाराकडे गेलेले असते. धाकटे भावंड आजीपाशी ठेवावे लागते. मुंबईत बापाला काम मिळत नाही आणि मिळाले तरी करता येत नाही, कारण रक्त आणायला, औषध आणायला, तपासणीच्या रांगेत उभे राहायला दोन माणसे लागतात. इकडे मुकादमाचे फोन चालूच असतात.

आणि अशा वेळी मूल बरे दिसू लागते. ल्युकेमियाच्या उपचारातील सगळ्यात फसवा टप्पा तो हाच. पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या औषधांनंतर बहुतेक मुलांच्या रक्तातील रोगपेशी दिसेनाशा होतात. ताप जातो, भूक लागते, मूल खेळू लागते. डॉक्टर सांगतात की, अजून दोन वर्षे औषधे घ्यावी लागतील. बापाच्या डोळ्यांपुढे एकीकडे हसणारे मूल असते, दुसरीकडे फिटत नसलेली उचल आणि गावी रडणारे धाकटे पोर. तो मनाशी हिशेब करतो आणि गाडीत बसतो. त्या हिशेबात वात्सल्याचा अभाव नसतो; त्याच्याजवळ असलेल्या पैशांत आणि माणसांत तोच एक हिशेब बसत असतो. काही महिन्यांनी रोग परततो, आणि परतलेला रोग पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतो.

शासनाच्या योजना नाहीत असे नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण भाडेमाफी, तर सोबत्याला पंच्याहत्तर टक्के सवलत आहे. या सोयी मोठ्या आहेत. परंतु खोलीचे भाडे, दोन वेळचे अन्न, बुडालेली मजुरी आणि गावी राहिलेल्या भावंडाची शाळा यांची तरतूद उपचाराच्या योजनेत होत नाही. तेथे समाजालाच उभे राहावे लागते.

निवासाची गोष्ट तर निव्वळ सोयीची नाहीच. या औषधांनी मुलाची रोगप्रतिकारशक्ती काही काळ जवळजवळ शून्यावर येते. अशा दिवसांत साधा ताप आला तरी तास-दोन तासांत रुग्णालय गाठावे लागते, नाहीतर जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. कर्करोगातून तरलेले मूल दूषित पाण्याने किंवा पदपथावरच्या धुळीने जाऊ शकते. कुपोषित मुलाला औषधांची मात्राही सोसवत नाही. रुग्णालयाजवळची स्वच्छ खोली, उकळलेले पाणी आणि आईच्या हातचे ताजे अन्न या तिन्हींची गणना म्हणूनच औषधातच केली पाहिजे.

हे फार पूर्वी ज्यांनी ओळखले, त्यांत संत गाडगेबाबांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ज्यांनी स्वतःसाठी कधी झोपडी बांधली नाही, त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभारली. तीर्थक्षेत्रीच्या धर्मशाळेचा अर्थ त्यांनी रुग्णालयाच्या दाराशी आणून ठेवला. दादर येथील त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयातील कर्करुग्णांचा आणि त्यांच्या आप्तांचा मोठा आधार आहे. डॉ. हेडगेवारांचे चरित्रकार नाना पालकर यांच्या स्मृत्यर्थ १९६८ मध्ये स्थापन झालेल्या समितीचे परळमधील रुग्णसेवा सदन याच वाटेवरचे. प्रांतोप्रांतीचे रुग्ण नाममात्र शुल्कात तेथे राहतात. बंगालचा शेतकरी आणि विदर्भातील मजूर एका मजल्यावर शेजारी होतात, आणि राष्ट्रीय एकात्मतेवर कुणी भाषण न करताही ती तेथे नांदते. श्यामा आणि निहाल कविरत्ने या दांपत्याने २००६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सेंट ज्यूड केंद्रांत फक्त कर्कग्रस्त मुलांची कुटुंबे विनामूल्य राहतात. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा आणि सामाईक स्वयंपाकघरात रांधायची सोय, अशी तेथील रचना आहे. नाव ख्रिस्ती संताचे म्हणून या कामाची दखल घ्यायला कुणी संकोचू नये. चांगल्या व्यवस्थेचा अभ्यास जिथे दिसेल तिथे करावा. विदर्भात नागपूरजवळ जामठा येथे डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने उभारलेले राष्ट्रीय कर्करोग संस्थान २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात लोकार्पित झाले. रुग्णाला जितके जवळ उपचार, तितके कुटुंब कमी मोडते, हे ध्यानी घेता अशा प्रकल्पाचे मोल केवळ खाटांच्या संख्येने ठरत नाही.

आता थोडे कटू बोलणेही प्राप्त आहे. नेत्याचा वाढदिवस आला की रुग्णालयात फळवाटप करण्याची आपल्याकडे रूढी आहे. ज्या मुलाच्या पांढऱ्या पेशी घटल्या आहेत, त्याला कापून ठेवलेली किंवा नीट न धुतलेली फळे बहुधा वर्ज्य असतात. देणारे छायाचित्र काढून जातात आणि मुलाच्या हातातले फळ आईला काढून घ्यावे लागते. सेवा करणाऱ्याने आधी परिचारिकेला विचारावे, येथे काय हवे आहे? उत्तर बहुधा रक्तबिंबिकांचे, म्हणजे प्लेटलेट्सचे येईल. त्या पाच दिवसांहून अधिक टिकत नाहीत. म्हणून वर्षातून एका दिवशी झालेल्या भव्य शिबिरापेक्षा, बोलावणे येताच येऊन यंत्रावर तास-दीड तास बसणाऱ्या वीस दात्यांची यादी अधिक उपयोगाची असते. शाखेशाखेवर अशी यादी सहज होऊ शकते, आणि काही ठिकाणी ती झालेलीही आहे.

याहून कटू गोष्ट मुलींची. देशातील रुग्णालयांच्या नोंदींत कर्करोगाच्या उपचारासाठी आणलेल्या मुलांच्या तुलनेत मुलींची संख्या निसर्गाच्या हिशेबाने असावी त्याहून कमी आढळते. रोग इतका भेद करत नाही, घर करते. ज्या समाजात कन्यापूजन होते, त्या समाजात मुलीसाठी मुंबईची गाडी पकडताना पाऊल अडखळत असेल, तर हा प्रश्न रुग्णालयाचा उरत नाही. गावातील एखादी जाणती भगिनी त्या घरी जाऊन बसली आणि प्रवासाचा व निवासाचा भार उचलू म्हणाली, तर त्या मुलीचा मार्ग मोकळा होतो.

त्याच घरात बहुधा आणखी एक वाक्य ऐकू येते, पूर्वजन्मीचे पाप. कर्मसिद्धान्त माणसाला स्वतःच्या आचरणाबद्दल सावध करण्यासाठी आहे. आजारी लेकरू कुशीत घेतलेल्या मातेला दोषी ठरवण्यासाठी त्याचा वापर करणे हा धर्माचा उपमर्द आहे. बालकर्करोगाचा संबंध मोठ्यांच्या कर्करोगाप्रमाणे तंबाखूसारख्या व्यसनांशी नसतो, तो बहुधा आनुवंशिक नसतो आणि संसर्गाने तर पसरतच नाही. तरीही गावी परतलेल्या मुलाला शाळेत वेगळे बसवले जाते, त्याचे पाण्याचे भांडे वेगळे ठेवले जाते. शिक्षक कार्यकर्ता असेल तर वर्गात दहा मिनिटे बोलून तो हे थांबवू शकतो.

दूरच्या तालुक्यातील कार्यकर्त्याला वाटते की, आपण मुंबईत नाही, आपण काय करणार? खरे तर मुंबईतील काम पुष्कळदा त्याच्यावाचूनच अडते. कुटुंब परळला असते आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीत. शिधापत्रिकेवर मुलाचे नाव चढलेले नसते, आधारपत्रावर ते निराळे छापलेले असते, आणि या एका अक्षरापायी योजनेची मंजुरी खोळंबते. बापाने उपचार सोडून पाचशे किलोमीटर जावे की गावातल्या कुणी कचेरीत दोन खेपा घालाव्यात? मागे राहिलेल्या आजीच्या घरी महिन्याचे धान्य पोचते का, धाकटी भावंडे शाळेत जातात का, सावकार व मुकादम यांच्याशी कुणी चार समजुतीचे शब्द बोलतो का, हे पाहणारा माणूस गावातच असतो.

मुख्य उपचार आटोपून कुटुंब गावी येते, तेव्हाही काम सरत नाही. घरी रोजच्या गोळ्या, आठवड्याची मात्रा आणि ठरलेल्या दिवशी तपासणी चालू राहते. पेरणीच्या धांदलीत तारीख चुकते, गोळ्या संपतात आणि दुकानात मिळत नाहीत. ज्याच्याकडे त्या मुलाच्या पुढील तपासणीची तारीख लिहिलेली आहे, जो आठ दिवस आधी रेल्वेच्या सवलतीचा कागद आणि गाडीचे आरक्षण पाहतो आणि आदल्या सायंकाळी घरी जाऊन पिशवी भरली का हे विचारतो, असा एक माणूस प्रत्येक मुलामागे लागतो. उपचार संपल्यावरही कित्येक वर्षे तपासणी चालते. आणि जे मूल वाचत नाही, त्याचे आईबाप रिकाम्या हातांनी गावी उतरतात, तेव्हा स्थानकावर त्यांना घ्यायला जाणाराही तोच असतो.