तिचे स्मारक
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



माझ्या दिवंगत पत्नीचे तैलचित्र या सभागृहात लावण्याचा आपला मानस ऐकून मी सद्गदित झालो आहे. ज्ञातीतील कोणाचे लग्नकार्य असो वा आजारपण, ते तिने आपल्याच घरचे मानले. मात्र स्वतःच्या स्तनातील गाठ "दुखत तर नाही" म्हणून तिने सहा महिने अंगावर काढली. कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही, हे आम्हां उभयतांस ठाऊक नव्हते.

या प्रसंगी मला लेडी मेहेरबाई टाटांचे स्मरण होते. स्त्रीशिक्षणासाठी व बालविवाहाविरुद्ध झटणाऱ्या या विदुषी १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी पती सर दोराबजींनी त्यांच्या नावे या रोगाच्या संशोधनार्थ विश्वस्तनिधी स्थापिला. दोराबजींच्या पश्चात त्यांच्या विश्वस्तांनी १९४१ साली परळ येथे कर्करोगाचे रुग्णालय उघडले.

माझी ऐपत तेवढी नाही. तैलचित्राचा पैसा भगिनींच्या तपासणीसाठी खर्च व्हावा, एवढेच मागणे आहे. आणि बंधूंनो, पत्नी "काही नाही" म्हणाली तरी तिला पुन्हा एकदा विचारा. मी तसे विचारले नाही, ही खंत मला जन्मभर राहील.